नाईनची चौकी: इराणमधून एकटीने मोटरसायकल नेताना आलेलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ऑक्टोबर २०१९ मधलं आहे. जिचं आहे तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत आणि नाव देत नाही. दुबईतल्या आमच्या रायडर मंडळींत सगळे तिला ताई म्हणतात, इथेही तेच चालेल. मूळची पुण्याची, चाळिशीच्या आसपासची, अविवाहित, हिशेबतपासणीच्या नोकरीनिमित्त बरीच वर्षं दुबईत. गाडी रॉयल एनफील्ड हिमालयन, ४११ सीसी, नंबरप्लेट दुबईची. ओमानात जबल शम्सचा कच्चा चढ आणि सलालापर्यंतचा लांबलचक सपाट रस्ता तिने एकटीने केला होता. तेव्हा गाडी चालवता येते का, हा प्रश्न कधीच नव्हता.

बेत असा: शारजाच्या खालिद बंदरातून रात्रीच्या बोटीने बंदर अब्बास, तिथून शिराझ, यझ्द, इस्फहान, तेहरान, तबरीझ आणि बझरगानच्या नाक्यावरून तुर्कस्तान. मुंबई-पुण्याहून निघणाऱ्यांना वाघा ओलांडून पाकिस्तानातून इराण गाठणं भारतीय पासपोर्टवर जवळपास अशक्यच, त्यामुळे ते गाडी जहाजाने पाठवतात. दुबईत राहणाऱ्याला ही एक कटकट कमी.

"मुस्लिम देशांत बाईने एकटीने गाडी चालवायची?" हा प्रश्न पुण्यात तिला दर सुट्टीत विचारला जायचा, जणू हा सगळा एकच देश आहे. दुबईत बायका बाइक चालवतात, पोलीस ढुंकूनही बघत नाहीत. सौदीत २४ जून २०१८ पर्यंत बाईला गाडीच चालवता येत नव्हती. त्या दिवसापासून मोटार आली आणि मोटरसायकलही. पाकिस्तानात कायद्याची आडकाठी नाही, अडवतात ते लोक; तरी लाहोरची झेनिथ इरफान २०१५ मध्ये बाइकवर चीनच्या सीमेवरच्या खुंजेराब खिंडीपर्यंत जाऊन आली. इराणची गत सगळ्यांत चमत्कारिक. तिथे बायका कित्येक दशकं मोटारी चालवतायत, टॅक्सी चालवतात, ट्रकही चालवतात. पण मोटरसायकलचा परवाना वाहतूक पोलीस फक्त पुरुषांना देत. चारचाकी चालेल, दुचाकी नाही.

परदेशी बायका मात्र इराण पार करत आल्या आहेत. फ्रेंच पत्रकार आन-फ्रान्स दोतव्हील १९७३ मध्ये, म्हणजे १९७९ च्या इस्लामी क्रांतीच्या आधी, इराण-अफगाणिस्तान-पाकिस्तानातून गेली. ब्रिटनची एल्स्पेथ बिअर्ड १९८० च्या दशकात, क्रांतीनंतर, भारतातून परतताना इराणमधूनच गेली. कायद्यात बाईला परवाना देण्याची सोय नव्हती. दुसऱ्या देशाचा परवाना घेऊन आलेल्या बाईचं काय करायचं, हे चौकीवरच्या शिपायाला कुणी सांगितलेलं नव्हतं. ताईचं सगळं प्रकरण या फटीत अडकलेलं आहे.

तयारी

कागदपत्रं चोख होती. गाडीसाठी कार्ने, म्हणजे सीमाशुल्काची ती जाडजूड वही, जिचं एकेक पान देशात शिरताना आणि बाहेर पडताना शिक्का मारून फाडतात. मोटरसायकलची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना. इराणचा व्हिसा. तिसऱ्या पक्षाचा विमा बंदरावरच घ्यायचा होता. निर्बंधांमुळे इराणात बाहेरचं कुठलंही बँक कार्ड चालत नाही, म्हणून पूर्ण प्रवासाचे पैसे रोख युरोत आणि ते तीन ठिकाणी विभागून. टेलिग्राम २०१८ पासून बंद होतं, पण व्हॉट्सॲप तेव्हा चालायचं. रोज संध्याकाळी मुक्कामाला पोचल्यावर मला एक मेसेज, असं ठरलं. मी दुबईत बसून फक्त हे एक काम करणार होतो.

खरी चर्चा झाली ती हेल्मेटवर. फुल फेस हेल्मेट, रायडिंग जॅकेट, हातमोजे, बूट असा सरंजाम चढवला की रस्त्यावरून जाणारा पुरुष आहे की बाई, कुणाला कळत नाही. गटातल्या एकाचं म्हणणं, कळू द्यायचंच नाही; पेट्रोल भरतानाही काच वर करायची नाही. दुसरीचं म्हणणं नेमकं उलटं: बाई आहे हे जितक्या लवकर कळेल तितके लोक मदतीला येतात, इराणी माणूस पाहुण्या बाईच्या वाटेला जात नाही. ताईने मधला मार्ग काढला. चालत्या गाडीवर कुणालाही कळायची गरज नाही. गाडी थांबली की लपवायचं नाही. हेल्मेटखाली काळी सुती टोपी, मान आणि केस झाकणारी. टँक बॅगच्या वरच्या कप्प्यात घडी न घातलेला सुती स्कार्फ. थांबायचं, इंजिन बंद, स्टँड, हेल्मेट काढायचं, टोपी तशीच ठेवून वरून स्कार्फ ओढायचा. दुबईत पार्किंगमध्ये तिने याची तालीम केली होती. जॅकेट मांडीपर्यंत येणारं मुद्दाम शिवून घेतलं, कारण आखूड जॅकेट गाडीवर बसलं की वर सरकतं.

आईला तिने फक्त "ओमानच्या पुढे जरा लांब चाललेय" एवढंच सांगितलं. धाकट्या भावाला सगळं ठाऊक होतं.

यझ्दपर्यंत

बंदरावर कार्नेच्या शिक्क्यांसाठी एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर एक अख्खा दिवस गेला. त्यानंतर शिराझपर्यंत काही अडलं नाही. त्या ऑगस्टपासून इंधनाचं कार्ड पुन्हा सक्तीचं झालं होतं, परदेशी माणसाकडे ते नसतं, पण पंपावरचा माणूस स्वतःचं कार्ड लावून देई आणि "हेंदी?" (भारतीय का?) म्हणून अमिताभ बच्चनची चौकशी करी. इराणात स्थानिकांना २५० सीसीच्या वरची गाडी घेता येत नाही, सगळीकडे सव्वाशे सीसीच्या फटफट्या, त्यामुळे हिमालयनभोवती घोळका ठरलेला. घरी चला, जेवायला चला, अशी आमंत्रणं रोज येत. त्यातलं खरं कुठलं आणि तोंडदेखलं कुठलं हे नवख्याला कळत नाही. तिचा नियम सोपा होता, घरातली बाई स्वतः बोलली तरच जायचं.

शहाणपणाचा नियम होता तो. पुढे चौकीवरही तोच उपयोगी पडला.

यझ्दला ती एका झरतुष्टी कुटुंबाच्या अतिथिगृहात उतरली. इथल्या अग्निमंदिरातला अग्नी परंपरेनुसार इ.स. ४७० पासून तेवतोय असं सांगतात. आपल्याकडचे इराणी हॉटेलवाले बहुतेक यझ्द आणि केरमानच्या परिसरातून आलेले; मालकाचे कुणी नातलग पुण्यात कॅम्पात हॉटेल चालवत होते. पुण्याची बाई आलीय म्हटल्यावर निघायच्या दिवशी सकाळी गप्पा, फोन, पुन्हा चहा. सकाळी आठला सुटायचं ते दुपारी एकला सुटली. वार गुरुवार.

आता हिशेब करून बघा. यझ्द ते नाईन (वाटेतलं छोटं शहर) साधारण १७० किलोमीटर, नाईन ते इस्फहान १४०. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे कुणी अडवलं नसतं तरी शेवटचा टप्पा अंधारातच होता. यझ्दलाच अजून एक रात्र काढावी, हा विचार तिच्या मनात आला होता. पण इस्फहानचं हॉटेल ठरलेलं होतं.

अडचण

नाईनजवळच्या चौकीवर साडेतीनच्या सुमारास हात दाखवून तिला थांबवलं. नेहमीप्रमाणे इंजिन, स्टँड, हेल्मेट, स्कार्फ. शिपाई तरुण होता, विशी ओलांडलेला. हेल्मेटखालून बाई निघालेली बघून तो आधी हसला आणि मग त्याला काय करावं सुचेना. "मर्द कोजास्त?" बरोबरचा पुरुष कुठे आहे? नाही म्हटल्यावर पासपोर्ट, कार्ने, परवाना सगळं घेऊन तो आत गेला.

आतून एक वयाने मोठा अंमलदार आला. त्याचं म्हणणं तिला तुटक इंग्रजी, फोनवरचं भाषांतर आणि हातवारे यांतून कळलं ते असं: बाईला मोटरसायकलचा परवाना नसतो. परवाना नाही तर गाडी जप्त होऊन पार्किंगला जाणार. इराणात जप्त केलेल्या गाड्यांच्या आवाराला पार्किंगच म्हणतात, त्यामुळे क्षणभर तिला वाटलं की गाडी जरा बाजूला लावायला सांगतायत.

एक संदर्भ सांगायला हवा. त्याच वर्षी इस्फहानमधल्या एका बाईच्या अर्जावरून न्यायालयाने पोलिसांना मोटरसायकलचा परवाना द्यायला सांगितल्याची बातमी गाजली होती. त्याच ऑक्टोबरच्या १० तारखेला तेहरानच्या आझादी स्टेडियमवर बायकांना फुटबॉलचा सामना बघायला जाऊ दिलं होतं. नाईन इस्फहान प्रांतातच येतं. त्या अंमलदाराच्या डोक्यात हे होतं की नव्हतं, कोण जाणे. पण बाई आणि मोटरसायकल हा विषय तेव्हा तिथे तापलेला होता आणि अशा वेळी खालच्या माणसाला स्वतःच्या जबाबदारीवर सोडून देणं जड जातं.

समोर असलेले पर्याय

तिने मला फोन लावला तेव्हा चार वाजून गेले होते.

भांडता आलं असतं. आंतरराष्ट्रीय परवाना आहे, बंदरावर तुमच्याच सरकारने गाडी आत घेतलीय, मग अडचण काय? मुद्दा बिनतोड होता. पण चौकीवर बिनतोड मुद्द्याने समोरच्याची अडचण वाढते, सुटत नाही. पाच माणसांसमोर एका बाईचं ऐकून त्याने माघार घ्यायची, हे होणं कठीण.

वकिलातीला फोन करता आला असता. भारताची वकिलात तेहरानला, बंदर अब्बासला आणि झाहेदानला वाणिज्य दूतावास. पण गुरुवारची संध्याकाळ. इराणात शुक्रवार सुट्टीचा, गुरुवारी दुपारीच कचेऱ्या ओस. आणि याच कारणाने गाडी पार्किंगला गेली असती तर शनिवारच्या आधी तिला हात लागला नसता.

तिसरा पर्याय चौकीवरच उभा होता. घोळक्यातला एक तरुण म्हणाला, मी चालवतो, माझ्याकडे परवाना आहे, खानुम (बाईसाहेब) मागे बसतील. अंमलदारालाही ही तोड पटली. ताईला नाही. विमा आणि कार्ने तिच्या नावावर. त्याच्या हातून अपघात झाला तर निस्तरायचं तिने. शिवाय अनोळखी पुरुषाच्या मागे बसून अंधारात जायचं, हे कायद्यात बसतं म्हणून सुरक्षित होत नाही.

चौथा पर्याय गाडी टेम्पोत घालून इस्फहानला न्यायची. पाचवा, नाईनलाच मुक्काम आणि सकाळी बघू.

मी पाचव्याच्या बाजूने होतो. "ताई, नाईनला हॉटेल आहे, नंबर पाठवतो. गाडी चौकीच्या आवारात राहू दे, त्यांना म्हणावं सकाळी साहेबांशी बोलते."

"अरे, राहू दे म्हटलं की ते पार्किंगलाच टाकणार. एकदा नोंद झाली की संपलं."

या मुद्द्यावर तिला खोडून काढायला माझ्याकडे काही नव्हतं.

काय केलं

पहिली गोष्ट तिने केली ती म्हणजे बसली. खुर्ची मागितली, पाणी मागितलं, थर्मासातला चहा बाहेर काढून शिपायाला देऊ केला. आवाज चढवला नाही, रडली नाही. नंतर तिने सांगितलं की रडू येत होतं, पण रडलं की ते लगेच कुणाच्या तरी भावाला नाहीतर बापाला फोन लावायला सांगतात, आणि एकदा पुरुष नातेवाईक फोनवर आला की निर्णय आपल्या हातात उरत नाही.

दुसरी गोष्ट, तिने लेखी मागितलं. गाडी ठेवायची असेल तर ठेवा, पण कुठल्या कारणासाठी आणि गाडीवर काय काय सामान आहे ते लिहून सही करून द्या, म्हणजे मला सीमेवर कार्नेसाठी दाखवता येईल. हे ती अगदी नम्रपणे, कारकुनाशी बोलावं तसं बोलली. हिशेबतपासणीची नोकरी इथे कामी आली असं आम्ही गमतीने म्हणतो. लिहून द्यायला अंमलदार तयार होईना. परदेशी पाहुणी, परदेशी नंबरप्लेट, सीमाशुल्काची वही. उद्या वरून विचारलं तर सही त्याची. त्याने वरिष्ठांना फोन केला. बऱ्याच वेळाने उत्तर आलं: कागद ठीक आहेत, जप्त करू नका, पण बाईला रात्री गाडीवर जाऊ देऊ नका.

म्हणजे जप्ती टळली आणि प्रश्न फक्त रात्रीचा उरला. नेमकी इथेच, माझ्या मते, पाचव्या पर्यायाची वाट मोकळी झाली होती. जप्तीची नोंद होणार नाही म्हटल्यावर गाडी चौकीत ठेवून हॉटेलला जाता आलं असतं आणि सकाळी उजेडात चालवत निघता आलं असतं. पण तोवर अंमलदाराने ओळखीच्या टेम्पोवाल्याला बोलावलंही होतं.

आली ती निळी नीसान. इराणच्या कुठल्याही रस्त्यावर दिसणारी, तिथेच बनणारी, मेंढ्यांपासून फ्रिजपर्यंत सगळं वाहणारी पिकअप. ड्रायव्हर पन्नाशीचा. ताईने अंमलदाराला सांगितलं, मी एकटी यांच्याबरोबर जाणार नाही, यांच्या घरातल्या बाई बरोबर असतील तर जाते. अंमलदाराने ते त्याला सांगितलं. तो हसला आणि त्याने घरी फोन लावला. शुक्रवारी तसंही इस्फहानला सासुरवाडीला जायचंच होतं म्हणे. अर्ध्या तासात त्याची बायको आणि सात-आठ वर्षांची मुलगी डब्यासकट हजर.

गाडी चढवताना मात्र तारांबळ उडाली. पिकअप रस्त्याकडेच्या मातीच्या उंचवट्याला मागून टेकवली, दोन फळ्या टाकल्या, आणि सहा जणांनी हिमालयन ढकलली. सहापैकी प्रत्येक जण वेगवेगळ्या दिशेला ढकलत होता. गाडी आत गेली पण डावीकडे कलंडली, क्लचचा दांडा वाकला, आरसा फुटला. मग सोलाच्या दोरीने तिला मेंढीसारखं बांधलं. ताईकडे स्वतःचे पट्टे होते, ते तिने वरून आवळले.

अंमलदाराने पिकअपचा नंबर वहीत टिपला, ताईने त्याचा फोटो मला पाठवला. पुढच्या एकाच लांब सीटवर ड्रायव्हर, मुलगी, बायको आणि खिडकीशी ताई.

निष्पत्ती

रात्री दहाच्या सुमारास ती इस्फहानच्या हॉटेलवर पोचली. वाटेत मोबाइलची रेंज बराच वेळ नव्हती. दुबईत आम्ही घड्याळ बघत बसलो होतो. ड्रायव्हरने ठरल्यापेक्षा जास्त काही मागितलं नाही. उलट पैसे नकोत, नकोत असं दोनदा म्हणाला, जे म्हणायचंच असतं, आणि तिसऱ्यांदा घेतले. शनिवारी एका गल्लीतल्या कारागिराने दुसऱ्याच गाडीचा क्लचचा दांडा कापून, घासून बसवून दिला. तो तुर्कस्तानपर्यंत टिकला.

पुढे तिने आखणी बदलली. मोटरसायकलला फ्रीवेवर मुळातच बंदी आहे, परदेशी म्हणून टोलनाक्यावर बहुधा सोडतात; पण तिने काशान-कुमवरून जुनाच रस्ता धरला, कारण टोलनाका म्हणजे अजून एक चौकी. रोजचा टप्पा दुपारी तीनपर्यंत संपवायचा. गुरुवार-शुक्रवार मोठ्या शहरात काढायचे. त्यानंतर तिला दोनदा अडवलं आणि दोन्ही वेळा पाच मिनिटांत सोडलं. बझरगानला कार्नेवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला तेव्हा नोव्हेंबर नुकताच लागला होता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं यझ्दचं. चौकी अटळ होती असं धरलं तरी ती सकाळी साडेदहाला आली असती तर सगळंच वेगळं झालं असतं. वरिष्ठांना फोन लागला असता, "रात्री जाऊ देऊ नका" ही अट आलीच नसती, टेम्पोची गरज पडली नसती. आम्ही तयारीत किलोमीटर मोजले, पेट्रोलचे पंप नकाशावर टाकले, पण रोज अमुक वाजायच्या आत निघालं नाही तर त्या दिवशी निघायचंच नाही, अशी वेळ ठरवली नव्हती. एकट्या बाईच्या आखणीत संध्याकाळचा मुक्काम आधी ठरतो आणि त्यावरून उलटा हिशेब करत सकाळची वेळ. टप्पा किती लांबीचा हे सगळ्यांत शेवटी.

दुसरं, फारसीतलं पत्र. परदेशी परवाना असलेली पर्यटक आहे, गाडी अमुक कार्नेवर आलीय, एवढा मजकूर फारसीत छापून, बंदरावर सीमाशुल्कवाल्यांचा शिक्का घेऊन ठेवला असता तर तरुण शिपायाला आत जाऊन दाखवायला काहीतरी मिळालं असतं. चौकीवरचा माणूस बहुधा दुष्ट नसतो. अडचणीत आलेला असतो, आणि त्याला वर दाखवायला कागद हवा असतो.

तिसरं संपर्काचं. आमचा सगळा भरवसा व्हॉट्सॲपवर होता. ती तुर्कस्तानात पोचली आणि त्यानंतर काही दिवसांतच, १५ नोव्हेंबरला, पेट्रोलचे भाव एका रात्रीत वाढले, देशभर निदर्शनं पेटली आणि जवळपास आठवडाभर इंटरनेट बंद होतं. ती तीन-चार आठवडे उशिरा निघाली असती तर नाईनहून व्हॉट्सॲपवर काहीच कळवता आलं नसतं. स्थानिक सिम, साधा एसएमएस, आणि प्रत्येक मुक्कामाच्या हॉटेलचा लँडलाइन नंबर माझ्याकडे आधीपासून, हे नंतर आम्ही सगळ्यांसाठी सक्तीचं केलं. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाबवरून पकडलेल्या महसा अमिनीच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर इराणातली परिस्थिती अजूनच बदलली, त्यामुळे ताईचा अनुभव आजच्या प्रवासाला जसाच्या तसा लावू नये.

उरलं ते निळ्या नीसानचं. यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझं म्हणणं, निकाल चांगला लागला म्हणून निर्णय चांगला होता असं होत नाही. कायद्याची जोखीम टाळायला तिने अंगावरची जोखीम घेतली: रात्र, अनोळखी गाडी, रेंज नाही. शिवाय बायको यायला तयार झाली नसती तर काय करायचं, हे तिने ठरवलेलं नव्हतं. विचारलं की ती हसते. ताईचं म्हणणं, पोलिसांनी नंबर टिपलेली गाडी, शेजारी त्या माणसाची बायको आणि मांडीवर येऊन झोपलेली मुलगी, याहून सुरक्षित त्या रात्री नाईनमध्ये दुसरं काय होतं ते दाखव. "तू हॉटेलचा नंबर पाठवलास ना, तिथे मी फोन केला होता. कुणी उचलला नाही."

हे तिने मला परवा, पहिल्यांदाच सांगितलं.